जखमेवरचे यंत्र आणि ‘उपयोग लिहा’

मुंबईहून कर्जतकडे जाताना भिवपुरी रोड स्टेशनवर उतरले की सह्याद्रीची भिंत समोर येते. वर आंध्रा खोऱ्यात साठवलेले पाणी हा कडा उतरून खाली येते आणि भिवपुरीच्या वीजघरातील जनित्रे फिरवते. मुंबईला वीज पुरवण्यासाठी 1922 साली हे वीजघर सुरू झाले. त्याची गोष्ट सांगायला मी या परिसरातील एका शाळेत गेले होते. कार्यक्रम संपल्यावर विज्ञान शिकवणारे एक शिक्षक मागे थांबले. त्यांना विचारायचे होते ते मात्र वेगळेच.

त्यांच्या वर्गातील एका मुलाचे वडील वीटभट्टीवर काम करतात. त्यांना मधुमेह आहे. तळपायाला, अंगठ्याच्या मुळाशी, एक जखम झाली. ती दुखत नव्हती, म्हणून महिनाभर तिच्याकडे कोणी पाहिले नाही. मग कोणीतरी शहरातला ‘मशीनचा दवाखाना’ सुचवला. आठवड्यातून तीन दिवस हे गृहस्थ तीन किलोमीटर चालत स्टेशनला जात, गाडीने शहर गाठत, जखमेभोवती दहा मिनिटे यंत्र फिरवून घेत आणि तसेच चालत घरी येत. दोन महिने हे चालले. रोजगार बुडाला, पैसे गेले आणि शेवटी पायाची दोन बोटे काढावी लागली.

शिक्षक म्हणाले, “मॅडम, ‘श्रव्यातीत ध्वनीचे उपयोग लिहा’ हा प्रश्न मी दरवर्षी घालतो. मुले लिहितात, ‘वैद्यकीय उपचारांत वापरतात’. मी गुण देतो. मग या माणसाला उपयोग का झाला नाही?”

मला त्या वेळी नीट उत्तर देता आले नाही. हा लेख म्हणजे ते उत्तर. त्यात टीका आहे. ती कोणा एका दवाखान्यावर नाही. आपण विज्ञान ज्या पद्धतीने शिकवतो आणि लिहितो, तिच्यावर आहे.

वापर आणि उपयोग

मराठीत हे दोन शब्द वेगळे आहेत, पण उत्तरपत्रिकेत आपण ते एकच मानतो. एखादी गोष्ट वापरली जाते, हे पाहून सांगता येते. तिचा उपयोग होतो, हे पाहून सांगता येत नाही. त्यासाठी तुलना करावी लागते. ती वापरली नसती तर काय झाले असते, याचे उत्तर मिळाल्याशिवाय ‘उपयोग झाला’ असे म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही.

जखमेच्या बाबतीत हा फरक फारच महत्त्वाचा ठरतो, कारण बहुतेक जखमा आपोआप भरतात. जखम होताच रक्त साकळते. मग पांढऱ्या पेशी येऊन जंतू आणि मृत ऊती साफ करतात. लाली, सूज आणि ऊब ही त्याची लक्षणे. पुढे नव्या केशवाहिन्या फुटतात, तंतुजनक पेशी कोलॅजेन विणतात आणि कडेच्या त्वचेतील पेशी सरकत सरकत जखम झाकतात. विणलेल्या कोलॅजेनची फेरमांडणी पुढे कित्येक महिने चालते. तरीही व्रणाची ताकद मूळ त्वचेच्या सुमारे 80 टक्क्यांपर्यंतच पोचते. हे सारे शरीर स्वतः करते. त्या काळात आपण जखमेवर काहीही केले, यंत्र फिरवले किंवा अंगारा लावला, तरी श्रेय त्यालाच मिळते.

जी जखम भरत नाही, तिच्याबाबत प्रश्न वेगळा असतो. शरीराला कमी काय पडते आहे, हा तो प्रश्न नव्हे. त्याला अडवते काय आहे, हे शोधायचे असते.

श्रव्यातीत ध्वनीची कसोटी

भौतिकोपचारात वापरला जाणारा श्रव्यातीत ध्वनी साधारणपणे सेकंदाला दहा ते तीस लाख कंपनांचा असतो. त्याने ऊती किंचित तापतात. शिवाय पेशींभोवतीच्या द्रवात सूक्ष्म प्रवाह निर्माण होतात. या हालचालीने पेशींचे काम वेगाने होईल, ही कल्पना मुळीच वेडगळ नव्हती. 1968 साली मेरी डायसन आणि त्यांच्या ब्रिटनमधील सहकाऱ्यांनी सशाच्या कानावर प्रयोग करून अशा ध्वनीने ऊतींची वाढ वेगाने होते, असे दाखवले. 1976 साली त्यांनी पायांवरील शिरांच्या विकाराने झालेल्या जखमांवरही आशादायक निष्कर्ष प्रसिद्ध केले. यंत्रे दवाखान्यांत पोचायला एवढे पुरेसे होते.

मोठी कसोटी बरीच उशिरा झाली. ब्रिटन आणि आयर्लंडमधील 337 रुग्णांचा अभ्यास 2011 साली प्रसिद्ध झाला. या सर्वांच्या पायांवर शिरांच्या विकाराच्या, भरायला अवघड अशा जखमा होत्या. चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने त्यांचे दोन गट केले. दोन्ही गटांना नेहमीचे उपचार दिले आणि एका गटाला त्याशिवाय बारा आठवडे, आठवड्यातून एकदा, श्रव्यातीत ध्वनी दिला. जखम भरायला लागणाऱ्या काळात दोन्ही गटांत फरक आढळला नाही.

एक गोष्ट इथे प्रामाणिकपणे सांगायला हवी. हा निष्कर्ष एका प्रकारच्या जखमेबद्दल आणि ध्वनीच्या एका मात्रेबद्दल आहे. मधुमेही तळपायाची जखम निराळी असते. पण त्यामुळे यंत्राची बाजू बळकट होत नाही. ज्या जखमेवर सर्वांत जास्त आशा होती तिथेच मोठ्या कसोटीत ते उतरले नाही, तर इतर ठिकाणी ते चालते हे सिद्ध करण्याची जबाबदारी ते वापरणाऱ्यावर येते.

आणखी एक प्रयोग शिक्षकांनी जरूर लक्षात ठेवावा असा आहे. 1980 च्या दशकात ब्रिटनमध्ये अक्कलदाढ काढलेल्या रुग्णांच्या गालावर श्रव्यातीत ध्वनीचे यंत्र फिरवण्यात आले. काहींच्या बाबतीत यंत्र चक्क बंद होते. रुग्णाला ते माहीत नव्हते. बंद यंत्रानेही सूज आणि दुखणे कमी झाले. हा नुसत्या चोळण्याचा परिणाम असेल का, हेही त्यांनी तपासले. रुग्णांनी स्वतः गाल चोळला, तेव्हा तसा परिणाम दिसला नाही. म्हणजे कोणीतरी जाणत्या माणसाने, यंत्र घेऊन, आपल्याकडे लक्ष दिले, याचा तो परिणाम होता. दुखणे कमी होणे खोटे नव्हते, पण ते ध्वनीमुळे झाले नव्हते.

विजेची बाजू

सगळीच यंत्रे एका मापाने मोजणे हीसुद्धा अंधश्रद्धाच होईल. विजेचे उदाहरण घ्या. 1843 साली जर्मन शास्त्रज्ञ द्यु ब्वा-रेमाँ यांनी स्वतःच्या बोटाला जखम करून तिथून अगदी क्षीण विद्युतप्रवाह वाहतो, हे मोजून दाखवले. आपल्या त्वचेच्या आतल्या आणि बाहेरच्या बाजूंत विद्युतदाबाचा फरक असतो. त्वचा फाटली की तिथून प्रवाह सुरू होतो. 2006 साली मिन झाओ आणि सहकाऱ्यांनी असे विद्युतक्षेत्र पेशींना जखमेच्या दिशेने सरकायला मार्ग दाखवते आणि त्यात कोणती जनुके भाग घेतात, हे दाखवले.

अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांना जे शय्याव्रण होतात, त्यांवर बाहेरून सौम्य विद्युतप्रवाह देण्याचे प्रयोग झाले आहेत. 2020 साली अशा 20 प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला गेला. या उपचाराने जखम भरण्याचे प्रमाण बहुधा वाढते, असा त्याचा सावध निष्कर्ष आहे. ‘बहुधा’ हा शब्द आपल्या पाठ्यपुस्तकांत फारसा भेटत नाही. विज्ञानात मात्र तो पदोपदी भेटतो, आणि त्यात कमीपणा काही नाही.

पण शय्याव्रणाच्या रुग्णाला कूस बदलून द्यायची नाही आणि वीज मात्र द्यायची, असे कोणी केले तर? इथे आपण मूळ मुद्द्याशी येतो.

सर्वांत मोठे भौतिक कारण : दाब

तळपायाची जखम न भरण्याचे कारण शोधण्याचे मोठे काम भारतातच झाले, आणि तेही कुष्ठरोग्यांसाठी. कुष्ठरोग्याच्या पायाची जखम भरत नाही, कारण त्याचे ‘मांसच सडके’ असते, असा समज एके काळी डॉक्टरांतही होता. 1946 पासून वेल्लोरला काम करणारे शल्यविशारद डॉ. पॉल ब्रँड यांनी तो खोडून काढला. ऊती चांगल्याच असतात. रोगाने नष्ट केलेली असते ती वेदना. वेदना नसल्यामुळे माणूस जखमेवर चालत राहतो. पाय प्लास्टरमध्ये ठेवून जखमेवरचा भार काढून घेतला की तीच जखम भरते. प्लास्टरचा हा उपाय भारतात 1930 च्या दशकातच सुरू झाला होता. पुढे तो ब्रँड यांच्याबरोबर अमेरिकेत गेला आणि मधुमेही रुग्णांसाठी वापरला जाऊ लागला. आपल्या रायगड जिल्ह्यात नेरे येथील शांतिवनासारख्या संस्था कुष्ठरुग्णांसाठी काम करतात. 1982 पासून बहुविध औषधोपचाराने कुष्ठरोगाचे जंतू मारता येऊ लागले. तरी बधिर झालेला पाय बऱ्याचदा बधिरच राहतो. त्याला जपावेच लागते.

हा दाब किती असतो? वर्गात मोजून पाहण्यासारखे आहे. आलेखकागदावर पाय ठेवून कडेने पेन्सिल फिरवा आणि चौकोन मोजा. तळव्याची कमान कागदाला टेकत नाही, तेवढा भाग वजा करा. 60 किलोच्या माणसाचे वजन सुमारे 600 न्यूटन. दोन्ही पावलांचे टेकलेले क्षेत्रफळ 250 चौरस सेंटिमीटर धरले, तर सरासरी दाब दर चौरस सेंटिमीटरला 2.4 न्यूटन येतो. म्हणजे 24 किलोपास्कल, किंवा पाऱ्याचे 180 मिलिमीटर. केशवाहिनीत रक्त शिरते तिथला दाब असतो साधारण 32 मिलिमीटर. म्हणजे नुसते स्वस्थ उभे राहिलो तरी तळव्याच्या केशवाहिन्या दबून रक्तपुरवठा थांबू शकतो! मग आपल्या सगळ्यांनाच जखमा का होत नाहीत? कारण थोड्याच वेळात पाय अवघडतो आणि आपण नकळत भार बदलतो. मुले प्रार्थनेच्या वेळी चुळबुळ करतात, तीही याचसाठी. ज्याच्या पायाची जाणीव गेली आहे, तो चुळबुळ करत नाही. चालताना तर अंगठ्याच्या मुळाशी एवढ्याशा जागेवर सरासरीच्या कितीतरी पट दाब येतो.

आता वीटभट्टीवरच्या त्या गृहस्थांचा हिशेब करू. स्टेशनपर्यंत तीन किलोमीटर. एक पाऊल 60 सेंटिमीटरचे धरले तर 5000 पावले. त्यांपैकी 2500 जखमी पायाची. परत येताना आणखी 2500. दहा मिनिटांच्या यंत्रासाठी जखम 5000 वेळा चिरडली गेली. यंत्र निरुपद्रवी होते असे आपण म्हणतो, पण यंत्रापर्यंतची वाट निरुपद्रवी नव्हती.

भार काढल्याने किती फरक पडतो, याचेही मोजमाप झाले आहे. 2001 साली अमेरिकेत डेव्हिड आर्मस्ट्राँग आणि सहकाऱ्यांनी तळपायाला जखम असलेल्या 63 मधुमेही रुग्णांची तुलना केली. पायाला घट्ट बसणारे, काढता न येणारे प्लास्टर घातलेल्यांपैकी जवळजवळ 90 टक्के रुग्णांच्या जखमा बारा आठवड्यांत भरल्या. काढता येणारा विशेष बूट वापरणाऱ्यांत हे प्रमाण 65 टक्के होते. हा बूट भार कमी करण्यात वाईट नव्हता. 2003 साली त्याच संशोधकांनी असे बूट दिलेल्या रुग्णांची पावले मोजली, तेव्हा खरे कारण दिसले : दिवसभराच्या पावलांपैकी जेमतेम 28 टक्केच बूट घालून टाकलेली होती. जे काढता येते ते माणूस काढतो. दुखत नसेल तर काढतोच.

प्लास्टर हा काही घरगुती उपाय नव्हे. जखमेत पू असेल किंवा पायाचा रक्तपुरवठा कमी असेल तर ते घातकही ठरते. त्यासाठी जाणता डॉक्टर लागतो. साखर आटोक्यात आणणे आणि जंतुसंसर्गावर उपचार करणे याला तर पर्यायच नाही. पण या सगळ्याबरोबर ‘पायावर भार देऊ नका, कुबडी घ्या’ एवढे सांगायला यंत्र लागत नाही. आमच्या गृहस्थांना ते कोणी सांगितले नव्हते.

पाणी आणि उष्णता

दाबानंतरचे दुसरे भौतिक कारण ओलावा. जखम उघडी ठेवून सुकू द्यावी, हा आपल्याकडचा जुना समज. 1962 साली जॉर्ज विंटर यांनी डुकरांच्या त्वचेवर छोट्या जखमा करून काही उघड्या ठेवल्या, काही पॉलिथिनच्या पातळ पडद्याने झाकल्या. झाकलेल्या, ओलसर जखमांवर नवी त्वचा सुमारे दुप्पट वेगाने पसरली. सरकणाऱ्या पेशींना ओली वाट लागते. खपली आली की त्यांना तिच्याखालून वाट कोरत जावे लागते.

या साध्या तत्त्वाचा फार चांगला वापर मुंबईत झाला. डॉ. केसवानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भाजलेल्या जखमांसाठी उकडलेल्या बटाट्याच्या सालींची पट्टी तयार केली आणि 1985 साली तिच्याविषयी लिहिले. 1990 साली त्यांनी तिची नुसत्या जाळीच्या पट्टीशी तुलना केली. सालीने जंतू मरत नाहीत, हे त्यांना दिसले आणि त्यांनी ते स्पष्ट सांगितलेही. सालीखाली जखम सुकत नाही, म्हणून त्वचेच्या वरच्या पेशी जगतात. पुढे 2003 साली शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयातील डॉ. माधुरी गोरे यांनी केळीच्या पानाची पट्टी बटाट्याच्या पट्टीशी ताडून पाहिली. परिणाम सारखाच, पण पान अधिक स्वस्त आणि बनवायला सोपे. ही पाने निर्जंतुक केलेली असतात. परसातले पान तोडून जखमेवर बांधणे म्हणजे हा उपचार नव्हे. मला यातले विशेष वाटते ते असे, की या डॉक्टरांनी स्वस्त वस्तूलाही महागड्या यंत्राइतकीच कठोर कसोटी लावली. बहुतेकदा आपण उलटे करतो : यंत्रावर विश्वास ठेवतो आणि पानाला हसतो, नाहीतर पान ‘नैसर्गिक’ म्हणून डोक्यावर घेतो. दोन्हीकडे कसोटी राहूनच जाते.

तिसरे कारण उष्णता, आणि इथे धोका सर्वांत जास्त. ‘शेक द्या’ हा सल्ला घरोघरी मिळतो. पण बधिर पायाला गरम पाण्याची पिशवी, तापलेली वीट किंवा उष्ण दिवा भाजतो आहे हे कळतच नाही. शिवाय ऊती तापल्या की त्यांची प्राणवायूची गरज वाढते. रक्तवाहिन्या अरुंद झालेल्या असतील तर वाढीव पुरवठा होऊ शकत नाही. जो शेक पाठीला सुख देतो, तोच मधुमेही पायाला नवी जखम देऊ शकतो.

शिक्षकांनी काय करावे?

आमच्यासारख्या विज्ञानलेखकांचाही यात वाटा आहे. ‘लेसरची किमया’, ‘ध्वनीची जादू’ असे लेख आम्हीच लिहितो. काय वापरले जाते ते सांगतो आणि कशाशी तुलना केली ते गाळतो. मग पाठ्यपुस्तकातील यादी आणि दवाखान्याची पाटी यांत फरक उरत नाही.

‘उपयोग लिहा’ हा प्रश्न काढून टाकावा, असे माझे म्हणणे नाही. त्याला शेपूट जोडावे : ‘यांपैकी एका उपयोगाबाबत, तो खरोखर होतो का हे तुम्ही कसे तपासाल?’ आठवीच्या मुलांनाही दोन गट, चिठ्ठ्या आणि बंद यंत्र या कल्पना समजतात. त्यांना अशी युक्ती फार आवडते, असा माझा अनुभव आहे.

दुसरे काम घरी करण्यासारखे आहे. ब्रिटनमधील इप्सविच येथील डॉक्टरांनी 2011 साली एक साधी चाचणी प्रसिद्ध केली. मधुमेह असलेल्या व्यक्तीला डोळे मिटायला सांगा. दोन्ही पायांचा अंगठा, मधले बोट आणि करंगळी यांच्या टोकांना आपल्या बोटाने एक-दोन सेकंद अगदी हलका स्पर्श करा. दाबू नका, टोचू नका. सहापैकी दोन किंवा अधिक ठिकाणी स्पर्श कळला नाही, तर पायाची जाणीव कमी झालेली असू शकते. अशा व्यक्तीने डॉक्टरांना पाय दाखवावा, अनवाणी चालू नये, शेक घेऊ नये आणि रोज संध्याकाळी तळवा पाहावा. स्वतःला वाकून दिसत नसेल तर नातवंडाने पाहावा. हे निदान नव्हे, पण वेळेवर मिळालेली सूचना आहे.

भौतिकोपचाराबद्दल मला अनादर नाही, हे शेवटी सांगायला हवे. रुग्णाची कूस बदलणे, सांधे हलवणे, कुबडी घेऊन चालायला शिकवणे, पायाचा भार कुठे पडतो ते पाहून चप्पल बदलणे, हेही त्याच शास्त्राचे काम आहे. बल, दाब आणि क्षेत्रफळ यांचे ते खरेखुरे उपयोजन आहे. ते दिव्यांनी लुकलुकत नाही, म्हणून यादीत येत नाही, इतकेच.

त्या शिक्षकांना मी हे सारे पत्राने कळवले. त्यांचे उत्तर आले. मुलाच्या वडिलांना आता मऊ तळव्याची चप्पल मिळाली आहे आणि दुसऱ्या पायाची जाणीवही कमी असल्याचे तपासणीत आढळले आहे. मुलगा रोज रात्री कंदिलाच्या काचेसारखा पुसून तो पाय पाहतो. सहामाहीच्या परीक्षेत शिक्षकांनी नवा प्रश्न घातला : ‘600 न्यूटन वजनाचा माणूस एका टाचेवर उभा राहिला तर दाब किती? आणि त्याला ते जाणवले नाही तर काय होईल?’ दुसऱ्या भागाला पाच गुण होते, आणि सर्वांत लांब उत्तर कोणी लिहिले ते त्यांनी मला कळवले नाही. कळवायची गरजही नव्हती.